फेटे उडाले, पण नावं कुणी लिहिली?



चैत्र लागला की गावोगाव यात्रेची वर्गणी सुरू होते. घरटी आकडा ठरतो. पालखी, कुस्त्यांचा फड, शोभेची दारू आणि रात्रीचा तमाशा, सगळा खर्च त्या वर्गणीतून होतो. वर्गणीचे पैसे आपल्याही घरातून जातात. कधी अंड्या-दुधाच्या पैशातून जातात, कधी गटाच्या उचललेल्या कर्जातूनसुद्धा जातात. पण यंदा तमाशा कुणाचा आणायचा, हे ठरवायला आपल्यापैकी किती जणी बसल्या आहेत? आणि तमाशा आल्यावर किती जणी पुढं बसून पाहतात?

आज आपण तमाशातल्या बायांविषयी बोलणार आहोत, आणि त्यांच्यावर जीव टाकणाऱ्या रसिकांविषयी. हा आपल्याच मातीतला इतिहास आहे. शाळेच्या पुस्तकात तो फारसा भेटत नाही.

सुरुवात नारायणगावापासून करू. पुणे-नाशिक रस्त्यावर, जुन्नर तालुक्यात हे गाव आहे. त्याला तमाशाची पंढरी म्हणतात. पाडव्याच्या आधीपासून तिथं फडमालकांच्या राहुट्या लागतात. राहुटीवर फडाच्या नावाची पाटी असते, कलावंतांचे फोटो असतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले तिथं येतात. वग कोणता, सोंगाड्या कोण, नाचणाऱ्या किती, गाडी-सामान किती, हे विचारतात. घासाघीस होते आणि मग सुपारी दिली जाते. सुपारी म्हणजे अमुक तारखेला आमच्या गावात खेळ करायचा, असा करार. पाडव्याला हा बाजार सगळ्यात भरात असतो. दसऱ्याला फड बाहेर पडतात आणि बुद्धपौर्णिमेच्या सुमारास हंगाम संपतो. म्हणजे वर्षातले सात-आठ महिने ही माणसं रस्त्यावर, तंबूत, ट्रकमध्ये असतात.

फड गावात आला की रात्री आधी गण होतो, मग गवळण. मावशी आणि सोंगाड्या लोकांना हसवतात. मग बतावणी, लावण्या आणि शेवटी वग. वग म्हणजे नाटक म्हणा ना. तो पहाटेपर्यंत चालतो. ढोलकी, हलगी, तुणतुणं, झांज यांचा आवाज तीन-चार मैलांवर जातो. पुष्कळ गावांत दुसऱ्या दिवशी पुन्हा एक खेळ होतो, त्याला हजेरी म्हणतात. लोक शिट्ट्या मारतात, फेटे उडवतात, नोटा देतात. आवडलेल्या नटीचं नाव पुढं वर्षभर पारावर निघतं.

आता या नावांकडे जरा नीट पाहा. विठाबाई नारायणगावकर. कांताबाई सातारकर. यमुनाबाई वाईकर. पवळा हिवरगावकर. प्रत्येकीच्या नावामागं एक गाव आहे. बापाचं आडनाव नाही, नवऱ्याचंही नाही. लोकांनी त्यांना गावाच्या नावानं ओळखलं, आणि त्यांच्यामुळं त्या गावांची नावं महाराष्ट्रभर गेली. पण उलट बाजूनं विचारा. त्या गावांनी या बायांचं नाव कुठं लिहून ठेवलं का? आजच्या बोलण्यात मला हाच प्रश्न तुमच्यापुढं ठेवायचा आहे.

पहिली गोष्ट पवळाची. पूर्वी तमाशात बाई नसायची. मुलगाच साडी नेसून नाचायचा, त्याला नाच्या पोऱ्या म्हणत. तमाशाच्या फडावर उभ्या राहिलेल्या सुरुवातीच्या बायांमध्ये पवळाचं नाव सगळ्यात आधी घेतलं जातं. ती संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावशाची, महार समाजातली. तिच्यासोबत ज्यांचं नाव येतं ते शाहीर पठ्ठे बापूराव. त्यांचं खरं नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. 1866 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या रेठरे हरणाक्ष गावी त्यांचा जन्म झाला. ब्राह्मणाच्या घरचे, कुलकर्णीपणाचं वतन असलेले. ते सगळं सोडून ते तमाशात शिरले. त्या काळात हे किती मोठं बंड होतं! घरानं, जातीनं त्यांना दूर केलं. पण लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. बापूरावांची लावणी आणि पवळाचं रूप, नाच, आवाज यांची जोडी जमली. त्यांच्या खेळाला मुंबई-पुण्यात गर्दी लोटायची.

पुढं दोघांची जोडी तुटली. बापूराव 1945 मध्ये पुण्यात वारले, तेही हालअपेष्टांत. म्हणजे ज्याच्यावर हजारो लोकांनी प्रेम केलं, त्या माणसाचाही शेवट चांगला झाला नाही. पण एक फरक आहे. बापूरावांच्या लावण्या छापल्या गेल्या. 1950 साली त्यांच्या नावाचा सिनेमा निघाला. पवळा मात्र बहुतेक ठिकाणी ‘बापूरावांची पवळा’ म्हणूनच राहिली. ती गाणं कुणाकडून शिकली, कोणती लावणी तिनं कशी बसवली, फडाचे पैसे कोण सांभाळायचं, तिला काय वाटायचं, हे तिच्या तोंडून कुणी लिहून घेतलं नाही. शब्द लिहिणाऱ्याचे शब्द कागदावर राहिले. त्या शब्दांना अंग देणारी मात्र आठवणीतून हळूहळू पुसली गेली.

दुसरी गोष्ट विठाबाईंची. नारायणगावच्या नारायण खुडे यांनी फड काढला. त्यांची मुलं भाऊ आणि बापू. त्यांचा फड ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ या नावानं गाजला. हे नाव ऐकताना थोडं थांबा. फडाच्या पाटीवरच जात लिहिलेली आहे. तमाशा जगवला तो महार, मांग, कोल्हाटी अशा समाजांतल्या माणसांनी. ज्यांना गावाच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, त्यांच्याच गाण्यावर तोच गाव रात्रभर डोलायचा. सकाळ झाली की पुन्हा वेशीबाहेर. रसिकपणा रात्रीपुरता होता, दिवसा त्याचा उपयोग नव्हता.

भाऊंची मुलगी विठा. ती 1935 मध्ये पंढरपुरात जन्मली, म्हणून विठोबाचं नाव. लहान वयातच ती फडावर उभी राहिली. गाणं, नाच, वगातलं काम, सगळ्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. 1957 आणि 1990 अशी दोन वेळा त्यांना राष्ट्रपतींच्या पुरस्कारानं गौरवलं गेलं. साठच्या दशकात सीमेवरच्या जवानांपुढंही त्यांनी खेळ केला. लोकांनी त्यांना तमाशासम्राज्ञी म्हटलं.

त्यांची एक गोष्ट गावोगाव सांगतात. दिवस भरलेले असताना त्या फडावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या. त्या मागं कनातीत गेल्या, बाळंत झाल्या. दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा पुढं येऊन उभ्या राहिल्या. मघाशी दिसलेलं पोट आता दिसेना, तेव्हा प्रेक्षकांच्या लक्षात आलं. त्यांनी चौकशी केली, हात जोडले आणि खेळ तिथंच थांबवला. बाई, तुम्ही आता विसावा घ्या, असं सांगितलं.

ही गोष्ट ऐकून आपल्या अंगावर काटा येतो. विठाबाईंच्या हिमतीचं कौतुक सगळे करतात, ते करायलाच पाहिजे. पण आपण बायांनी यातलं आणखी एक पाहावं. बाळंतपणाच्या दिवशी फडावर उभं राहण्याची वेळ का आली? कारण सुपारी घेतलेली असते. खेळ मोडला तर पैसे बुडतात आणि फडावर पोट असणारी दहा-वीस घरं उपाशी राहतात. आपणही दिवस भरेपर्यंत निंदणी, खुरपणी, ऊसतोड करतोच की. ती सम्राज्ञी आणि आपण यात तेवढं तरी सारखं आहे.

विठाबाई 15 जानेवारी 2002 रोजी गेल्या. शेवटच्या आजारपणात दवाखान्याचं बिल भरायला लोकांच्या देणग्यांचा आधार घ्यावा लागला. 2006 पासून राज्य सरकार त्यांच्या नावानं तमाशा कलावंताला जीवनगौरव पुरस्कार देतं. त्यांच्या कन्या मंगला बनसोडे यांनी स्वतःचा फड उभा करून तो नावारूपाला आणला. म्हणजे वारसा पुढं गेला. पण जिवंतपणी बाईला औषधासाठी पैसे कमी पडले, हेही खरंच.

मग एवढ्या नोटा उधळल्या जातात त्या जातात कुठं? बचतगटातल्या बायांना हे गणित पटकन कळेल. हंगामाच्या आधी कलावंत फडमालकाकडून उचल घेतात, म्हणजे आगाऊ पैसे. पावसाळ्यात खेळ नसतो, तेव्हा त्यावर घर चालतं. हंगामभर काम करून ती फेडायची. फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच फडावर. मालकसुद्धा हात वर करून मोकळा नसतो. गाड्या, तंबू, जनरेटर, उचल, सगळ्यासाठी त्यानं व्याजानं पैसे काढलेले असतात. एका हंगामात अवकाळी पावसानं चार सुपाऱ्या मोडल्या की सगळं कोसळतं. 2020 आणि 2021 मध्ये करोनामुळं यात्रा बंद झाल्या, तेव्हा लागोपाठ दोन हंगाम बुडाले. त्याच साथीत मे 2021 मध्ये कांताबाई सातारकर संगमनेरला गेल्या. तुकाराम खेडकर वारल्यावर लेकरं पदरात घेऊन, शून्यातून स्वतःचा फड उभारणारी ही बाई. पुरुषांच्या भूमिकाही त्या तेवढ्याच दमदार करायच्या.

आता आपल्याकडे, म्हणजे बायकांकडे येऊ. आपल्या आज्या-पणज्या तमाशाला जात नव्हत्या. चांगल्या घरच्या बायकांनी तिथं जायचं नाही, असा दंडक होता. पुरुष जायचे, आणि घरची बाई अंथरुणावर पडून लांबून ढोलकी ऐकायची. तमाशातल्या बाईचा तिला राग यायचा, कारण घरातला पैसा तिकडं जातो असं वाटायचं. दोन्हीकडच्या बाया एकमेकींना कधी भेटल्याच नाहीत. मध्ये कनात होती.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनं तमाशा अश्लील म्हणून त्याच्यावर बंधनं घातली. पुढं वग लेखी दाखवून, तपासून परवानगी मिळू लागली. त्याच सुमारास लावणी सिनेमात शिरली. 1959 चा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंद थिएटरात 131 आठवडे चालला. सिनेमातली लावणी बघायला बायका टुरिंग टॉकीजमध्ये मुलंबाळं घेऊन गेल्या, त्यात कुणाला वावगं वाटलं नाही. पण तीच लावणी कनातीत गाणारी बाई मात्र वाईट ठरत राहिली.

आणि मग रेडिओनं एक मोठं काम केलं. सुलोचना चव्हाण यांचा आवाज घराघरात आला. त्यांचा जन्म 1933 मध्ये मुंबईत झाला. त्या फडावरच्या नव्हत्या. डोक्यावरचा पदर ढळू न देता उभं राहून त्या ठसकेबाज लावणी गायच्या. आचार्य अत्र्यांनी त्यांना लावणीसम्राज्ञी म्हटलं. चूल सारवताना, भाकरी थापताना बायांनी त्यांची लावणी ऐकली, गुणगुणली. बाई लावणीची चाहती होऊ शकते, हे पहिल्यांदा उघडपणे घडलं ते रेडिओमुळं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्या गेल्या. त्यांचं गाणं मात्र राहिलं, कारण ते तबकड्यांवर नोंदलेलं होतं. पवळाच्या नशिबी हे नव्हतं.

रसिकानं नीट ऐकलं तर काय होतं, ते यमुनाबाई वाईकरांच्या आयुष्यात दिसतं. 1915 चा त्यांचा जन्म, कोल्हाटी समाजातला. लहानपणी आईबरोबर वाईच्या रस्त्यावर गाऊन त्यांनी पोट भरलं. मग संगीतबारी केली. बारी म्हणजे फडासारखा मोठा लवाजमा नाही. पेटी, तबला, ढोलकी आणि गाणाऱ्या-नाचणाऱ्या बाया. यमुनाबाई बसून अदा करायच्या. नुसत्या भुवईनं, बोटांनी एकाच ओळीचे दहा अर्थ दाखवायच्या. पुढं जाणत्या लोकांनी त्यांना मोठ्या मंचावर नेलं. कथ्थकच्या पंडित बिरजू महाराजांसोबत त्यांची जुगलबंदी झाली. 1977 मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, 2012 मध्ये पद्मश्री. 2018 मध्ये, वयाची शंभरी ओलांडून त्या गेल्या. त्यांच्या लावण्या, अदा, आठवणी पुष्कळ नोंदल्या गेल्या. ऐकणाऱ्यांनी फक्त नोटा दिल्या असत्या तर हे झालं नसतं. त्यांनी समोर बसून विचारलं, ऐकलं आणि लिहिलं.

या सगळ्या कौतुकात एक गोष्ट झाकायची नाही. रसिक म्हणवणारे सगळेच रसिक नव्हते. नोट देताना हात धरणारे होते, खेळ संपल्यावर राहुटीभोवती घोटाळणारे होते. कोल्हाटी समाजात नाचणाऱ्या मुलीच्या कमाईवर सगळं घर चाललं, आणि तिला मात्र लग्नाचा, बापाच्या नावाचा आधार मिळाला नाही. नाचणाऱ्या आईच्या पोटी जन्मून डॉक्टर झालेल्या किशोर शांताबाई काळे यांनी 1994 मध्ये ‘कोल्हाट्याचं पोर’ या पुस्तकात हे सगळं लिहिलं. त्यांनी आपल्या नावात बापाच्या जागी आईचं नाव लावलं, हे लक्षात घ्या. कलेवर प्रेम करायचं आणि कलावंत बाईच्या अब्रूवर टपायचं, या दोन गोष्टी एकत्र चालणार नाहीत, हे आपल्या मुलांना सांगायचं काम आपलंच आहे.

आता दिवस थोडे बदललेत. शहरांत खास बायकांसाठी लावणीचे खेळ होतात. तिथं आया, सुना, नणंदा शिट्ट्या मारतात, नाचतात. गावातही यात्रेला बायकांची वेगळी बसायची जागा करतात. पण चाहती होणं म्हणजे शिट्टी मारण्याच्या पुढचं काही आहे, आणि ते आपण करू शकतो.

याचा एक नमुना आपल्याच बायांनी घातलेला आहे. जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ या दोघांनी आपल्या सोबत्यांसह गावोगाव जाऊन हजाराहून जास्त गावांतल्या बायांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव लिहिलं. शेतमजूर बाई, कधी शाळेत न गेलेली, तिचं नाव तिच्या ओवीखाली आहे. हे लावणी-तमाशाच्या बायांचंही व्हायला हवं.

आणि नाव लिहिणं ही नुसती मानाची गोष्ट नाही, भाकरीची आहे. राज्य सरकारची ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी महिन्याच्या मानधनाची योजना आहे. तिला वयाची, उत्पन्नाची अट आहे, आणि कलेत इतकी वर्षं काम केलं याचा पुरावा लागतो. इथंच म्हातारी कलावंत बाई अडकते. चाळीस वर्षं ती फडावर नाचली, गायली, पण तिच्याकडे कागद नाही. हँडबिलं फाटली, फोटो पावसात भिजले, फड मोडला. आता आठवा, त्या रात्री तिला टाळ्या देणारी शेकडो माणसं गावात होती. त्यातल्या एखाद्याकडे जुनं हँडबिल असेल, यात्रा कमिटीच्या वहीत सुपारीची नोंद असेल, लग्नाच्या अल्बममध्ये एखादा फोटो असेल. रसिकाच्या पेटीत पडलेला तो कागद त्या बाईचं मानधन होऊ शकतो.

म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं करून बघा. आपल्या आणि आसपासच्या गावात तमाशात, भजनात, गोंधळात, वाघ्या-मुरळीत गाणारं, वाजवणारं, नाचणारं म्हातारं माणूस कोण आहे, त्याची यादी करा. एक दोनशेपानी वही घ्या. तिच्या घरी जा, चहा घ्या आणि विचारा. नाव काय, गाव कोणतं, शिकवलं कुणी, कोणकोणत्या फडावर होता, कोणत्या गावच्या यात्रेला खेळ केला. तिला सांगायचं नसेल ते खोदून विचारू नका. तिनं होकार दिला तर मोबाइलवर आवाज भरून घ्या. यात्रा कमिटीच्या जुन्या वह्या मागून बघा. पंचायत समितीत मानधनाच्या अर्जाची चौकशी करा, आणि अर्ज भरायला तिच्याबरोबर जा, कारण एकटीला तिथं कुणी बसायला खुर्ची देत नाही.

आणि यंदा यात्रेच्या बैठकीला दोघी-चौघी जाऊन बसा. वर्गणी आपली आहे, तर दोन गोष्टी मागता येतील. खेळाला येणाऱ्या बायांना कपडे बदलायला आडोसा, पाणी आणि संडासाची सोय. आणि सरपंचांच्या हस्ते नारळ द्यायचाच आहे, तर गावातल्या एका जुन्या कलावंत बाईलाही साडी-चोळी करून तिचं नाव माईकवर पूर्ण घ्यावं. नुसतं ‘तमाशातली बाई’ म्हणू नये.

तुमच्या वहीत पहिलं नाव कुणाचं आलं, ते आपल्या केंद्राला जरूर कळवा. तिची परवानगी असेल तर तिचं गाणं पुढच्या महिन्यात आपण सगळ्या मिळून ऐकू.

राम राम, मैत्रिणींनो. येते.